व्हरांड्याच्या खांबाला जुनं बर्मा सागवान: माल कसा, घ्यावं का?

गिरगावातल्या खोताच्या वाडीत घर ओळखायचं ते दर्शनी व्हरांड्यावरून. लाकडी खांब, नक्षीचा कठडा, बाहेरून चढणारा जिना, वर मंगळुरी कौलं. घर खचायला लागतं तेही तिथूनच, खांबाच्या बुडातून. ते बूड बदलायला बाजारात तीन वाटा आहेत: पाडकामातून निघालेलं जुनं बर्मा सागवान, परदेशी लागवडीचं नवं सागवान, आणि लाकूड तसंच ठेवून पोकळीत भरायचा इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळले की दगडासारखी घट्ट होणारी लुकण. आमचं मत आधीच सांगतो. खांबाला जुनं सागवानच घ्यावं, पण वखारवाल्याच्या शब्दावर नव्हे, रंधा मारून बघून.

खांब मुळात का कुजतो हे न बघता नवं लाकूड बसवलं, तर पैसे पाण्यात. मूळचा खांब दगडी तळखड्यावर उभा असतो आणि तळखडा जमिनीच्या वर डोकावतो. पुढे कधीतरी व्हरांड्यात लाद्या बसतात, जमीन दोन-तीन इंच वर येते, तळखडा बुडतो आणि गवंडी खांबाभोवती सिमेंटची गोट फिरवून देतो. दिसायला नीटनेटकं, पण ती गोट म्हणजे खांबासाठी पाण्याची वाटीच. लाकडाचा आडवा छेद नळीसारखं पाणी वर ओढतो. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी सुरू होते, मागोमाग वाळवी. बाहेरचा रंग शाबूत आणि आत भुसा, हे इथलं नेहमीचं चित्र. टोच्याने बुडाशी चारी बाजूंनी टोचून बघा. एक सेंटिमीटरच्या वर सहज घुसला तर तिथलं लाकूड गेलं.

आता माल. १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली ती ब्रह्मदेशातल्या याच सागवानासाठी. मुंबईच्या जुन्या चाळी, गोदामं, बंगले यांच्या तुळयांत हे लाकूड खच्चून भरलंय. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे जाड जुना माल हवा तर पाडकामाकडेच वळावं लागतं. रे रोडच्या लाकूडबाजारात चौकशी करता येते. गुण सांगायचे तर जुन्या झाडाचा गाभा, म्हणजे सुतारांची नार, भरपूर. तेल आणि सिलिका अंगातच असल्याने वाळवी सहसा तोंड लावत नाही. आणि इतकी वर्षं तुळई म्हणून वाळलेलं असल्यामुळे बसवल्यावर पिळत नाही की तडकत नाही.

खोट आहे ती विक्रीत. काळं तेल चोपडलेलं कुठलंही जड लाकूड ‘बर्मा’ म्हणून समोर येतं. वितभर जागेवर रंधा मारायला लावा. सोनेरी तपकिरी रंग, वर्षाची वलयं स्पष्ट, बोटाला किंचित तेलकटपणा आणि कातड्यासारखा वास आला तर सागवान. वजनावरूनही कळतं: कोरडं सागवान घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतं, साल वृक्षाचं लाकूड २४ किलोपर्यंत जातं. कडेला फिकट पांढरा पट्टा असेल तर तो कच्चा भाग. त्याला वाळवी आणि भुंगा दोन्ही लागतात, म्हणून तो मापात धरू देऊ नका. टोकं आणि जुन्या सांध्यांच्या खाचाही मापातून वजा करायला सांगा, कारण वखारीत माप कायम पूर्ण लांबीचं घेतलं जातं. मोगरीने ठोकत जा. टणटण वाजायला हवं, बद्द वाजलं तर आत पोकळ.

सगळ्यात महाग चूक खिळ्यांची. तुळईत डोकं तुटलेले खिळे आत राहतात, वरून दिसत नाहीत. हातातला मेटल डिटेक्टर फिरवून खडूने खुणा कराव्यात, खिळे काढावेत आणि मगच माल आऱ्यावर द्यावा. पातं तुटलं तर त्याचा भुर्दंड चिरणावळीत आपल्यालाच पडतो. सिलिकामुळे धार तशीही लवकर जाते, तेव्हा कार्बाइडच्या दातांचं पातं असलेली गिरणी शोधा.

किती घ्यायचं? समजा खांब ५ बाय ५ इंची आहेत, सहा आहेत आणि प्रत्येकाचं बूड दोन फूट कुजलंय. सांध्यासाठी १५ इंच आणि छाटायला थोडी वाढ धरून तुकडा साडेतीन फुटांचा. रंधून ५ इंच राहायचं तर चिरताना साडेपाच इंची चौकोन हवा. एका तुकड्याला पाऊण घनफुटाला थोडं कमी, सहांना मिळून साडेचार, आणि वाया जाण्यासाठी पाव भाग वाढवून साडेपाच घनफूट. ६ बाय १२ इंची तुळई मिळाली तर तिच्यातून असे चौकोन शेजारी शेजारी दोन निघतात. ४ इंची पट्ट्या जोडून खांब करू म्हणणाऱ्या सुताराला नमस्कार करावा.

बसवताना एका वेळी एकच खांब. वरच्या तुळईखाली, खांबाच्या दोन्ही बाजूंना, जाड फळी देऊन एकेक जॅक लावा आणि पाव-पाव फेरा देत दोन-तीन मिलिमीटर उचला. जास्त उचललं की वरची कौलं सरकतात आणि पहिल्याच पावसात घर गळतं. कुजका भाग पांढरं-भुरं लाकूड संपून खणखणीत लाकूड लागेपर्यंत कापा. सांधा अर्ध्या-अर्ध्या जाडीचा, लांबी जाडीच्या तिप्पट, आणि खांदे बाहेरच्या बाजूला उतरते ठेवायचे, म्हणजे पाणी सांध्यात न थांबता निथळतं. सागवानाचं तेल चिकटू देत नाही, म्हणून इपॉक्सी लावण्याच्या लगेच आधी दोन्ही अंगं ॲसिटोनने पुसा. सकाळी पुसून दुपारी चिकटवलं तर तेल पुन्हा वर आलेलं असतं. साधा पांढरा गोंद इथे कामाचा नाही. वर १२ मिमीचे दोन बोल्ट, आणि तेही खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, कारण गिरगाव चौपाटी हाकेच्या अंतरावर आहे. लोखंडी बोल्ट गंजतो आणि लाकडावर काळे ओघळ पाडतो.

तळाशी सिमेंटची गोट फोडून तळखडा मोकळा करा. तो पुरता बुडाला असेल तर वर नवा काळा दगड बसवून उंची लाद्यांच्या दोन इंच वर आणा. आडव्या छेदावर पातळ इपॉक्सीचे दोन हात, मध्ये स्टेनलेसचा खुंट, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिसाचा पत्रा. पत्रा खांबाच्या कडेच्या किंचित आत कापायचा. बाहेर राहिला तर त्यावरच पाणी साचतं.

नवं लागवडीचं सागवान वाईट नाही. कठड्याचे गज, जाळीच्या पट्ट्या यांना पुरेसं आहे. पण झाड कोवळं असताना तोडलेलं, त्यामुळे पांढरा भाग जास्त आणि जाड चौकोन मिळाला तरी आत ओल. ओलमापकावर १५ टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर घेऊ नये. इपॉक्सी भराव खिळ्यांची भोकं, गजाचं तुटकं टोक, कोपऱ्याची खोक एवढ्यापुरता उत्तम. खांबाच्या बुडात मात्र तो ओतू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, भराव हलत नाही. कडेला केसाएवढी फट पडते आणि तिच्यातून गेलेलं पाणी आत कोंडून राहतं. काम एका दिवसात होतं म्हणून ठेकेदाराला हाच पर्याय आवडतो.

मुंबईत वारसा यादीतल्या वास्तूंना ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ मधला नियम ५२ लागू होतो. दर्शनी भागाला हात लावण्याआधी पालिकेच्या हेरिटेज विभागात विचारून घ्या. जसं होतं तसंच, त्याच लाकडात आणि त्याच मापात करणार, असं लिहून देता येणं ही जुन्या सागवानाची आणखी एक जमेची बाजू. नक्षीचं माप खांब उतरवण्याआधी पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा.

जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क हवाच. पॉलीयुरेथेन व्हार्निश बाहेरच्या उन्हात पापुद्रे धरतं, त्यापेक्षा प्रायमर आणि ऑइल रंगाचे दोन हात बरे. लाकूड उघडं दिसायला हवं असेल तर ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळणारं जवसाचं तेल, पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून. कच्चं तेल दिवसचे दिवस चिकट राहतं आणि त्यावर बुरशी धरते. सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, लाकडी घरात तर नक्कीच.