'डूकी' घ्यावा की 'इन्सॉम्निॲक'?

ग्रीन डे या अमेरिकी पंक बँडचा एकच अल्बम घ्यायचा म्हटलं की लोक डोळे मिटून 'डूकी' सांगतात. मी आधी एक विचारेन. 'बास्केट केस' आणि 'व्हेन आय कम अराउंड' तुम्हाला तोंडपाठ आहेत का? नसतील तर 'डूकी'च घ्या. असतील तर मात्र त्याच्यानंतर आलेला 'इन्सॉम्निॲक' घ्या, आणि तो मनापासून ऐका.

'डूकी' आला फेब्रुवारी १९९४ मध्ये, 'इन्सॉम्निॲक' ऑक्टोबर १९९५ मध्ये. गिटार वाजवत गाणारा बिली जो आर्मस्ट्राँग, बेसवर माइक डर्न्ट आणि ड्रमवर ट्रे कूल, हे तिघे तेच. निर्माता रॉब कॅव्हालो दोन्हीकडे आहे. दोन्हींत चौदा-चौदा गाणी (पहिल्याच्या शेवटी एक लपवलेलं गाणं आहे, ते वेगळं). तरी एकामागोमाग लावले तर मधल्या वीस महिन्यांत या मुलांचं काहीतरी बिनसलंय, हे लगेच कळतं.

'डूकी'ची ताकद चालींत आहे. 'लाँगव्ह्यू' सुरू होतं ते डर्न्टच्या रेंगाळणाऱ्या बेसवर, घरात नुसतं पडून राहिलेल्या मुलाच्या कंटाळ्यासारखं, आणि कोरसला सगळं एकदम उसळतं. 'बास्केट केस' आर्मस्ट्राँगला येणाऱ्या पॅनिक अटॅकमधून आलं, पण त्याची चाल इतकी गोड आहे की शब्दांतली भीती पहिल्यांदा ऐकताना निसटूनच जाते. चार जण मिळून ओरडत गायला याहून चांगला पंक अल्बम मला माहीत नाही.

या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती गेल्या. पण मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केल्याची किंमत त्यांनी मोजली होती. बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबात ते वाढले, आणि तिथे अशा बँडना मंचावर जागा नव्हती. 'इन्सॉम्निॲक'मधलं 'एटी सिक्स' थेट त्या बंद दारावर आहे. अमेरिकी बोलीत या आकड्याचा अर्थच एखाद्याला बाहेर काढणं असा होतो. हे गाणं मला 'डूकी'तल्या कुठल्याही हिट गाण्यापेक्षा जास्त लागतं, कारण त्यात राग आहे तितकाच अपमानही आहे.

आवाजही बदलला आहे. गिटार जाड आणि खरखरीत झाली आहे, ड्रम अंगावर येतात, आणि गोडवा मुद्दाम कमी ठेवलाय. 'पॅनिक साँग'मध्ये पहिला शब्द यायच्या आधी जवळपास दोन मिनिटं फक्त वाद्यं धडकत राहतात. मुखपृष्ठावर 'डूकी'ला कार्टून होतं. इथे विन्स्टन स्मिथचं कोलाज आहे, डेड केनेडीज या पंक बँडच्या मुखपृष्ठांमुळे पंकवाले ज्याला ओळखतात तोच.

'इन्सॉम्निॲक' आला त्याच वर्षी आर्मस्ट्राँग बाप झाला होता. 'ब्रेन स्ट्यू'मध्ये त्याच्या जागरणाच्या रात्री ऐकू येतात: पायऱ्या उतरत जाणारा एकच गिटारचा तुकडा, पुन्हा पुन्हा, डोकं जड झालेल्या माणसासारखा.

उणीव सांगायची तर 'इन्सॉम्निॲक'मधली काही गाणी वेगाने एकसारखी आहेत, पहिल्या ऐकण्यात ती एकमेकांत मिसळतात. तीन-चारदा ऐकल्यावर सुटी होतात. अल्बम तेहतीस मिनिटांच्या आतबाहेरचा, म्हणजे हे फार मोठं मागणं नाही. 'डूकी' एकोणचाळीसच्या आसपास जातो आणि पहिल्याच दिवशी खिशात येतो.

अजून ठरत नसेल तर 'ब्रेन स्ट्यू' आणि त्याला चिकटून येणारं 'जेडेड' लागोपाठ लावा, मध्ये अजिबात न थांबता. 'जेडेड' जेमतेम दीड मिनिटाचं आहे. ते संपल्यावर हात आपोआप पुन्हा 'ब्रेन स्ट्यू'कडे गेला, तर 'इन्सॉम्निॲक'च घ्या.