८० ला वाजणारा बीप: दोन वर्षं आणि ३१ हजार किलोमीटर वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीला लागणारे लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरनं घेतात ते नमुने, आम्ही बनवतो. सॅम्पल दाखवायला महिन्यातनं दोनदा, कधी तीनदा भोसरी-चाकणला जावं लागतं. त्यामुळं कोल्हापूर-पुणे हायवे म्हणजे माझ्या कामाचाच भाग. २०२३ च्या जूनमध्ये जुनी गाडी काढून २०२१ सालची सेकंडहँड गाडी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मी ज्या वस्तूबद्दल लिहितोय ती सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असते. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगाची सूचना देणारा आवाज सरकारनं सक्तीचा केलाय. ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज आणि मागचे पार्किंग सेन्सर हेही त्याच नियमात आले. वेग ८० च्या वर गेला की दर मिनिटाला बीप वाजतो आणि १२० च्या वर गेला तर थांबतच नाही. १२० वरचा आवाज मी अजून ऐकलेला नाही आणि मला तो ऐकायचाही नाही.

गाडी आणली त्याच आठवड्यात सीट कव्हर घालायला एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. काम करणारा पोरगा हुशार होता, हात चांगला होता त्याचा. कव्हर बसवून झाल्यावर म्हणाला, "मालक, ८० ला वाजतंय बघा ते, घालवून टाकू काय? पाचशे द्या, अर्ध्या तासात करून देतो. सगळी करून घेत्यात." सोबत सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची नुसती चापही दाखवली, बेल्ट न लावता आवाज बंद करणारी. (या चापा विकू नका म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्या पाच कंपन्यांना आदेश दिला होता. दुकानात मात्र काउंटरवरच टांगलेल्या होत्या.) मी दोन्हीला नको म्हणालो. त्या वेळी मला बीपचं काही कौतुक होतं म्हणून नव्हे. नुकतेच चार हजार भरले होते, ते डोक्यात ताजे होते.

ते चार हजार कशाचे? जुनी गाडी विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्यानं गाडीचा नंबर टाकून बघितलं आणि मला फोन केला, "दादा, दोन चलनं बाकी आहेत." मला पत्ताच नव्हता. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर मी कधीच बंद केला होता, त्यामुळं मेसेज आला तो कुठं गेला कुणास ठाऊक. महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटोसकट सगळं होतं. दोन्ही चलनं फेब्रुवारीतल्या एकाच दिवसाची, एक जाताना आणि एक येताना. जाताना वेग ९७, येताना १०४, दंड दोन-दोन हजार. फोटोत नंबर प्लेट अशी स्पष्ट, की वरचा चिखलाचा डागसुद्धा मी ओळखला.

तो दिवस मला चांगला आठवतो. गिऱ्हाइकानं ११ ची वेळ दिली होती. मी साडेदहालाच पोचलो आणि गेटवरच्या बाकावर पॅटर्न मांडीवर घेऊन अर्धा तास बसलो. ज्या अर्ध्या तासासाठी ९७ नं गाडी मारली, तो असा बाकावर गेला. आमच्या शॉपमध्ये नव्या पोराला आठवड्याला जेवढा पगार देतो, जवळजवळ तेवढे पैसे त्या एका दिवसात गेले.

उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर हा विषय निघाला की दहातले आठ जण "लूट चाललीय" म्हणतात. मला ते पटत नाही. २०१९ आधी वेगासाठी पहिल्यांदा सापडला तर चारशे रुपयांपर्यंत दंड होता. चारशे रुपये कारवाला खिशातनं काढून द्यायचा, पावती घ्यायचा आणि पुढच्या वळणावर परत शंभर. २०१९ च्या दुरुस्तीनं कारला एक ते दोन हजार, मोठ्या गाड्यांना दोन ते चार हजार केले, आणि परत सापडला तर लायसन जप्त होऊ शकतं. आपल्या राज्यात नवे दर लागू झाले २०२१ च्या डिसेंबरमध्ये. दंड अंगाला लागला तरच पाय उचलला जातो, हे माझ्यापुरतं तरी शंभर टक्के खरं आहे.

एक गोष्ट मात्र सलते. दोन हजार मलाही आणि पन्नास लाखांच्या गाडीवाल्यालाही सारखेच. फिनलंडमध्ये मोठ्या गुन्ह्याला दंड माणसाच्या रोजच्या कमाईवर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्या एका श्रीमंत माणसाला ५० च्या रस्त्यावर ८२ नं गेला म्हणून १ लाख २१ हजार युरो भरावे लागले, म्हणजे आपले एक कोटीच्या वर. तसलं काही आपल्याकडं आलं तर मी स्वागतच करीन.

आता वस्तूबद्दल. आमच्या धंद्यात 'गो-नो गो गेज' असतं. जॉब, म्हणजे बनवलेला नग, 'गो' बाजूला बसला आणि 'नो गो' बाजूला बसला नाही तर पास, नाहीतर बाजूला. किती सूत कमी-जास्त हे ते सांगत नाही, पण दिवसभरात पाचशे नग तपासायचे असले तर त्याच्यासारखं खात्रीचं काही नाही. हा बीप अगदी तसा आहे. हायवेवर चारपदरी रस्ता मोकळा मिळाला की ८० आणि ९५ मधला फरक कानाला कळत नाही. नव्या गाड्यांना आवाज नाही, हादरा नाही. जुन्या गाडीत ९० नंतर डॅशबोर्ड खडखडायचा, तोच आमचा इशारा असायचा. आता ते काम बीप करतो. वाजला की पाय थोडा सैल सोडायचा, एवढंच. पहिले दोन महिने राग यायचा. तिसऱ्या महिन्यापासनं पाय आपोआप ७८ च्या आसपास राहायला लागला आणि बीप वाजायचाच कमी झाला.

मोजायची सवय असल्यानं मोबाईल लावून तपासलं. काटा ८० वर असताना जीपीएसवर ७६ दिसतो. म्हणजे बीप प्रत्यक्षात ८० च्या थोडा आधीच वाजतो, आणि ते चांगलंच आहे. वेळही लिहून ठेवला. जुन्या गाडीत घर ते भोसरी साधारण साडेचार तास, आता पावणेपाच. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामात जागोजागी डायव्हर्शन आहेत, तिथं सगळ्यांचाच वेग सारखा होतो. मधे मोकळ्यात शंभरनं पळून पुढं त्याच कंटेनरच्या मागं उभं राहायचं असतं.

एवढ्यावर मी चांगले गुण दिले असते आणि थांबलो असतो. पण गेल्या वर्षी जानेवारीतली रात्र सांगायला पाहिजे. अण्णांचे डोळे दाखवून पुण्याहून परत येत होतो. पेठ नाका, कामेरी, येलूर मागं गेलं होतं, साडेनऊ-पावणेदहा झाले असतील. रस्ता मोकळा, अण्णा शेजारी डोळ्याला काळा चष्मा लावून बसलेले. बीप वाजला. काटा ८४ वर होता, मी पाय उचलला, ७५ पर्यंत आला. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यावर आले आणि गेले, आणि त्या अंधारात रस्त्याचा तुकडाच काळा दिसला. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही, एक पोतं नुसतं लोंबत होतं. ब्रेकवर उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा मोळीतनं सुटलेला एक ऊस माझ्या बॉनेटच्या वर आला होता, हेडलाइटमध्ये त्याच्या कांड्यांवरची पांढरी बुकणी दिसत होती. ट्रॅक्टरवर गाणी लागलेली, त्या पोराला मागं काय झालं ते कळलंसुद्धा नाही. तो तसाच निघून गेला.

घरी येऊन हिशेब केला. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, १०० ला जवळजवळ २८. दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यातच साडेपाच ते आठ मीटरचा फरक पडतो. त्यानंतर ब्रेकचं काम सुरू होतं, आणि १०० ला गाडीच्या अंगात ८० पेक्षा दीडपटीहून जास्त जोर असतो. मला त्या रात्री उरलेलं अंतर होतं दोन हात. अण्णा इतकंच म्हणाले, "ते मघाशी वाजलं, ते काय होतं?"

तरी पाचपैकी पाच देणार नाही, चारच देतो. कारण या बीपला रस्ता कळत नाही. त्याला ८० एवढाच आकडा माहीत आहे. कोल्हापुरात शिरोली नाक्यापासून तावडे हॉटेलकडं येताना, कावळा नाक्यावर, राजारामपुरीत तुम्ही ६५ नं गेलात तरी तो गप्प, आणि तिथं ६५ म्हणजे हायवेच्या १०० पेक्षा वाईट. पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा सुटल्यावरचं एस वळण, कात्रजच्या नव्या बोगद्यातनं नवले पुलाकडं जाणारा उतार, या दोन जागांनी किती जीव घेतलेत ते रोजच्या पेपरात येतं. तिथं बीपवर भरवसा ठेवू नका, पाटीवर डोळा ठेवा. मी मोबाईलच्या मॅपवर वेगमर्यादा दाखवणारं सेटिंग चालू केलंय, बऱ्याच ठिकाणी ती बरोबर दाखवते. आवाजही जरा बारीक आहे. गाणी मोठ्यानं लावली तर ऐकू येत नाही, म्हणून आता मी गाणी बारीकच ठेवतो. घरच्यांना सुरुवातीला त्रास वाटला, मधली मुलगी तर बीपच्या आधी "बाबा!" म्हणून ओरडायची. आता तिला सवय झालीय.

कार नव्हे पण टेम्पो, ट्रक, टॅक्सी चालवणाऱ्यांच्या गाडीत वेग बांधणारं यंत्र असतं, ८० वर गाडी जातच नाही. त्यांना बीपचा प्रश्न नाही. आमच्या मालाचा टेम्पोवाला ते यंत्रही "काढून मिळतं" म्हणाला, तेव्हा मी त्याला सांगितलं की माझा माल त्या गाडीतनं जाणार नाही. त्यानं काढलेलं नाही.

दुकानदारांना हात जोडून विनंती आहे. सीट कव्हर विका, मॅट विका, हॉर्न विका, तुमच्या हातात कला आहे. हे एक काम घेऊ नका. पाचशे रुपयांसाठी तुम्ही ज्याची वायर काढता त्याचं घर तुमच्याच पेठेत असतं.

आणि २०१९ च्या जुलैनंतरची सेकंडहँड गाडी बघायला जाणार असाल तर दोन गोष्टी करा. पहिली, ट्रायल घेताना मालकाला शेजारी बसवून हायवेला न्या आणि मर्यादा बघून, मोकळ्या जागी काटा जेमतेम ८२ वर एक मिनिटभर ठेवा. बीप वाजला नाही तर कुणीतरी वायरिंगला हात लावलेला असू शकतो. मग आणखी काय-काय काढलंय ते विचारा. दुसरी, गाडीचा नंबर टाकून बाकी चलनं बघा आणि ती भरल्याशिवाय टोकन देऊ नका. नावावर झाली की लगेच आरसीला स्वतःचा चालू मोबाईल नंबर जोडून घ्या.