जुने मॅच एअर पिस्तूल आणि खरवडलेली तारीख

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २८ जुलै २०२४ रोजी मनू भाकर यांनी दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि चारच दिवसांनी कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी रायफलमध्ये पदक आणले. त्यानंतर पुण्यातील आमच्या नेमबाजीच्या रेंजवर हौसेने येणाऱ्यांची वर्दळ बरीच वाढली. माझ्यासारख्या नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी नेम धरणाऱ्या माणसाला सुरुवातीला रेंजचे पिस्तूल पुरते. परंतु ते अनेकांच्या हातातून फिरत असल्यामुळे त्याची ग्रिप कोणाच्याच तळहाताला नीट बसत नाही आणि काही महिन्यांत स्वतःचे साधन असावे असे वाटू लागते. स्टेयर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही नावे रेंजवर रोज कानावर पडतात, पण यांपैकी कोणतेही नवे पिस्तूल लाखाच्या आत येत नाही. त्यामुळे आपल्यासारखा गिऱ्हाईक जुन्या पिस्तुलाकडे वळतो, आणि माझी फसवणूक नेमकी तेथेच झाली.

समाजमाध्यमावरील जाहिरातीत पासष्ट हजार रुपये किंमत होती. विक्रेता स्वतःला राज्यस्तरावरचा माजी खेळाडू म्हणवत असे. पिस्तूल दोनच मोसम वापरलेले आहे, मुलीच्या शिक्षणासाठी विकावे लागत आहे आणि आणखी दोघे जण रांगेत आहेत, असे त्याने फोनवर सांगितले. अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली पार्सल निघाल्याची पावती दाखवल्यावर, असा व्यवहार ठरला. बिलाचे छायाचित्र त्याने न मागता पाठवले, मात्र त्यात पिस्तुलाचा क्रमांक असलेल्या जागेवर त्याचा अंगठा होता. दाबलेली हवा साठवणाऱ्या सिलेंडरची छायाचित्रे भरपूर होती आणि ती सगळी दाबमापकाच्या बाजूने घेतलेली होती. आता ही मांडणी मला त्याच्या कारागिरीचा भाग वाटते, कारण लपवायचे होते तेवढेच त्याने अचूक लपवले होते.

पिस्तूल आल्यावर आमच्या प्रशिक्षकांनी पहिल्यांदा सिलेंडर उलटा करून पाहिला. मॅच एअर पिस्तुलात साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट, आणि ती नळी आपल्या मनगटापासून वीतभर अंतरावर असते. म्हणून सिलेंडरवर निर्मितीची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते व उत्पादक त्यांना साधारणपणे दहा वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मुदतीतला सिलेंडर वापरण्याची जबाबदारी खुद्द नेमबाजाची आहे, त्यामुळे मुदत उलटलेला सिलेंडर घेऊन गेलेल्या खेळाडूला ‘मला विकणाऱ्याने सांगितले नाही’ असे म्हणून सुटता येत नाही. माझ्या सिलेंडरवर तारखेच्या जागी बारीक कानसीने घासल्याच्या रेषा होत्या आणि वरून काळा रंग मारून त्यावर एक चकचकीत स्टिकर चिकटवलेला होता. नव्या सिलेंडरसाठी मला वीस हजारांच्या आसपास भाव सांगण्यात आला. म्हणजे स्वस्ताईचा मोठा भाग पहिल्या दिवशीच गळून पडला होता, आणि रंगाखाली काय आहे हे माहीत असताना तो सिलेंडर पंपाला लावायला मी तयार नव्हतो.

प्रशिक्षकांनी दुसरा सिलेंडर लावून पिस्तूल चालवून पाहिले, तेव्हा उरलेली लबाडी उघड झाली. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलू शकला पाहिजे, असा नियम आहे. माझा ट्रिगर ते वजन पेलतच नव्हता, कारण कोणीतरी त्याची आतली पकड घासून हलकी केली होती. हात लावताच सुटणारा ट्रिगर नवख्याला सुखाचा वाटतो, पण स्पर्धेतील तपासणीच्या टेबलावर तो पहिल्याच फटक्यात बाद होतो आणि रेंजवर धोक्याचा असतो. त्याशिवाय पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीचा, वेग दर फैरीला बदलत होता. चांगले मॅच पिस्तूल सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने पेलेट फेकते आणि ते सातत्य राखते; येथे हवेचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागातील रबरी कड्या झिजल्यामुळे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, वर-खाली लांबत गेला. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास जेमतेम ११.५ मिलिमीटर असतो, तेव्हा अशा साधनाने सराव करणाऱ्याला चूक आपल्या हाताची की पिस्तुलाची, हे कळणेच अशक्य होते. बिलावरचा क्रमांक आणि पिस्तुलावरचा क्रमांक वेगळे होते, हे या सगळ्यानंतर लक्षात आले.

मी फोन केला तेव्हा विक्रेत्याने आधी ‘जसे आहे तसे’ विकल्याचे सांगितले आणि मग, जणू भरपाई म्हणून, थोडे पैसे वर टाकल्यास खरे .२२ पिस्तूल देतो, परवान्याचे नंतर बघू, असे सुचवले. हे वाक्य ऐकणाऱ्याने तेथेच फोन ठेवावा. ०.१७७ इंचापर्यंतच्या नळीचे आणि २० जूलच्या आतील शक्तीचे एअर पिस्तूल शस्त्र नियम, २०१६ नुसार विनापरवाना घेता येते (आमच्या प्रकारची पिस्तुले साधारण सहा जूलचीच असतात), पण .२२ काडतुसाचे पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे. ते परवान्याशिवाय जवळ बाळगणे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली तुरुंगवासाचा गुन्हा ठरतो, आणि अशा व्यवहारात फसलेला माणूस तक्रार करायला पोलिसांकडे जाऊही शकत नाही. विक्रेत्याचा बेत बहुधा तोच होता.

माझी तक्रार मात्र सरळ होती. पैसे यूपीआयने गेले असल्यामुळे १९३० या मदत क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८ त्यासाठी लागू होते. आगाऊ रक्कम ज्या खात्यात गेली त्यातून ती त्याच दिवशी काढलेली होती. उरलेली रक्कम अडकवता येईल का, हे विचारले तेव्हा बँकेने, तक्रार पैसे जाताच आली असती तर शक्यता अधिक होती, असे उत्तर दिले. विक्रेत्याचा क्रमांक आता बंद आहे आणि पिस्तूल पुरावा म्हणून ठेवलेले आहे.

आमच्या रेंजवर आता जुने पिस्तूल घेणाऱ्याकडून प्रशिक्षक आधी दोन गोष्टी मागवून घेतात: सिलेंडरवरील तारीख आणि पिस्तुलावरील क्रमांक हे दोन्ही एकाच न कापलेल्या व्हिडिओत, त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून. त्यानंतर विक्रेता रेंजवर येतो, सिलेंडर भरून रात्रभर ठेवला जातो, सकाळी दाब तेवढाच असेल तर ट्रिगरला वजन टांगले जाते, आणि पैसे या सगळ्यानंतर दिले जातात. यायला नकार देणारे विक्रेते पुष्कळ भेटतात, व त्यांच्याशी बोलणे तेथेच थांबवले जाते.