'लूझिंग माय रिलिजन': काही महिने सतत ऐकल्यानंतर

आर.ई.एम. या अमेरिकन बँडचं 'लूझिंग माय रिलिजन' गेले काही महिने माझ्या रोजच्या ऐकण्यात आहे. हेडफोनवर, मोठ्या स्पीकरवर, फोनवर आणि मॅन्डोलिन हातात घेऊन सोबत वाजवतानाही. एरवी कितीही आवडतं गाणं असलं तरी इतकं घासल्यावर ते विटतं. हे अजून विटलेलं नाही, आणि त्याचं कारण मला त्याच्या बांधणीत दिसतं. या गाण्याला नेहमीच्या अर्थाने कोरस, म्हणजे कडव्यांमध्ये परत परत येणारा उठावदार भाग, नाहीच.

रॉकच्या बहुतेक सिंगल्समध्ये (सुट्या काढलेल्या गाण्यांत) सगळी तयारी कोरसची असते. ड्रम्स जड होतात, गिटारींचे थर चढतात, आवाज वरच्या पट्टीत उडी मारतो. पहिल्या काही वेळी अंगावर काटा येतो. मग कान फक्त त्या जागेची वाट बघायला लागतो, मधलं ऐकतच नाही, आणि ती जागा आली की आधीइतकं काही मिळत नाही. इथे गाण्याच्या नावाची ओळ येते ती कडव्याच्या ओघात, त्याच पट्टीत, आणि पुढे निघून जाते. तिच्याआधी काही थांबत नाही, तिच्यावर काही फुटत नाही. ती परत येते, पण उत्कर्ष म्हणून येत नाही. मनात घोळत राहते ती सुरुवातीची मॅन्डोलिनची धून. गाणं एकाच जागेवर टेकलेलं नसल्यामुळे कान दरवेळी वेगळीकडे बसतो. मध्ये कित्येक दिवस मी फक्त बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, ऐकत होतो.

बेसबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. बँडच्या माइक मिल्सने तो वाजवताना फ्लीटवुड मॅक या बँडचा बेसवादक जॉन मॅक्व्हीची शैली डोळ्यांसमोर ठेवली होती. कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) मूळ स्वर धरून तो नुसता ठोके देत नाही. गायक मायकेल स्टाइप गात असतो तेव्हा खाली चाललेली ती दुसरी चालच आहे. फोनच्या स्पीकरवर हा बेस जवळजवळ गायब होतो आणि गाणं पातळ, किणकिणतं होऊन जातं. ज्यांनी हे गाणं फक्त तसंच ऐकलंय आणि 'ठीक आहे' म्हणून सोडून दिलंय, त्यांनी एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकावं. फरक थोडाथोडका नाही.

मॅन्डोलिनची कथा बँडनेच सांगितलेली आहे. 1989 सालचा लांबलचक दौरा संपल्यावर गिटारवादक पीटर बकला इलेक्ट्रिक गिटारचा कंटाळा आला होता. त्याने नवीन मॅन्डोलिन घेतलं होतं, टीव्ही बघत बघत ते शिकत होता आणि वाजवलेलं टेप करून ठेवत होता. त्या चाचपडण्यातच ही धून निघाली. स्वतः वाजवायला बसल्यावर ते पटतं. चार जोड्यांत आठ तारा, व्हायोलिनसारखी जुळणी, आणि एफ, डी मायनर, जी, ए मायनर अशा साध्या कॉर्ड्सवर चालणारी धून. बोटं फार ताणावी लागत नाहीत. कस लागतो तो उजव्या हाताचा. नख्खीचा प्रत्येक आघात सारख्या वजनाचा हवा, जरा जोर वाढला की त्या धुनीतली अस्वस्थता जाते आणि नुसता उत्साह उरतो. रेकॉर्डवर हा आघात कोरडा, अगदी जवळून आलेला आहे. त्यामुळे तीक्ष्ण आवाजाच्या स्वस्त इयरफोनवर तो कानाला टोचतो. माझी खरी तक्रार एवढीच.

मागे तंतुवाद्यं आहेत. अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्रातल्या वादकांकडून ती वाजवून घेतली होती आणि संयोजन मार्क बिंगहॅमचं. मिक्समध्ये ती इतकी मागे ठेवलीत की पहिल्या ऐकण्यात लक्षातही येऊ नयेत. हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण या जागी दुसरा कुणी निर्माता असता तर व्हायोलिन्सचा पूर आणला असता. स्टाइपने गायन एका टेकमध्ये, म्हणजे एकाच वेळी सलग गाऊन, केलं. त्याच्या आवाजात घासूनपुसून केलेली सफाई नाही ती त्यामुळेच असावी. बोलून गेल्यावर 'जास्तच बोललो' असं वाटणाऱ्या माणसाचं हे गाणं आहे, त्याला तो आवाज शोभतो.

आता त्याचं स्वागत कसं झालं ते. हे सिंगल फेब्रुवारी 1991मध्ये आलं, 'आउट ऑफ टाइम' अल्बमच्या काही आठवडे आधी. वॉर्नर ब्रदर्स या त्यांच्या कंपनीला ते पहिलं सिंगल म्हणून काढायला धाकधूक वाटत होती. त्या काळचा रेडिओ आठवला तर ती समजूही शकते: मॅन्डोलिन पुढे, कोरस नाही, शब्द कोड्यात टाकणारे. बँडने आग्रह धरला. अमेरिकेत ते बिलबोर्डच्या हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. याआधी त्यांचं 'द वन आय लव्ह' नवव्या आणि 'स्टँड' सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं, म्हणजे हे त्यांचं तिथलं सर्वांत मोठं यश. ब्रिटनमध्ये मात्र एकोणिसाव्या क्रमांकावरच थांबलं, जे आज गाण्याची कीर्ती बघता कमीच वाटतं. अल्बम दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि तोही त्यासाठी दौरा न करता. जॉर्जियातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावात 1980 साली सुरू झालेला, कॉलेज रेडिओवर वाढलेला हा बँड. अल्टरनेटिव्ह रॉक (रूढ व्यावसायिक वळणापेक्षा वेगळं रॉक) मुख्य प्रवाहात आलं याचं श्रेय सहसा निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड'ला दिलं जातं. तो अल्बम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. त्याच्या कित्येक महिने आधी या गाण्याने दार बरंच किलकिलं केलं होतं, आणि तेही आवाज न चढवता. मला हे श्रेय आर.ई.एम.ला पुरेसं मिळालेलं दिसत नाही.

व्हिडिओचा वाटा मोठा होता. दिग्दर्शक तरसेम सिंग, जन्माने भारतीय. खिडकीतल्या दुधाच्या भांड्याचं पडून फुटणं, काराव्हाज्जोच्या चित्रांसारखा एका बाजूने येणारा प्रकाश, गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या कथेवरून सुचलेला पंखांचा म्हातारा. एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या 1991च्या पुरस्कारांत त्याला 'व्हिडिओ ऑफ द इयर'सह सहा बक्षिसं मिळाली. पुढच्या वर्षी ग्रॅमीमध्ये गाण्याला पॉप गटगायनाचा आणि व्हिडिओला लघु संगीतपटाचा पुरस्कार मिळाला. व्हिडिओ देखणा आहे यात वाद नाही. पण संत, देवदूत, पंख यांची त्यात इतकी रेलचेल आहे की नाव वाचून झालेला समज आणखी पक्का होतो. स्टाइपने वेळोवेळी सांगितलंय की हे गाणं धर्माबद्दल नाही, एकतर्फी ओढीबद्दल आहे. समोरच्याला कळलंय की नाही याचा अंदाज घेत राहणारा, प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ लावत बसणारा माणूस त्यात आहे. मी व्हिडिओ बघणं हळूहळू बंद केलं आणि तो माणूस जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला. नवीन ऐकणाऱ्यालाही मी हेच सांगेन: आधी डोळे बंद, व्हिडिओ नंतर.

2013 साली कुणीतरी या रेकॉर्डिंगचे मायनर (उदास वाटणारे) स्वर मेजरमध्ये (प्रसन्न वाटणाऱ्यांत) बदलून ते इंटरनेटवर टाकलं होतं आणि ते खूप पसरलं. शब्द तेच, गायक तोच, पण माणूस एकदम निवांत झालेला. गंमत म्हणून एकदा ऐकायला छान आहे. त्यानंतर मूळ गाणं लावलं की ए मायनर इथे किती काम करतो ते कळतं.

मूळ रेकॉर्डिंगखेरीज मी परत परत लावतो ते एमटीव्ही अनप्लग्ड या विजेच्या वाद्यांशिवायच्या कार्यक्रमातलं, 1991चंच. तिथे सगळं आणखी उघडं आहे. बँड 2011मध्ये विसर्जित झाला. जून 2024मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात चौघं अनेक वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले तेव्हा त्यांनी हेच गाणं निवडलं. ड्रमर बिल बेरीने 1997मध्येच बँड सोडला होता, त्यामुळे त्याला पुन्हा त्यांच्यासोबत बघणं माझ्यासाठी मोठी गोष्ट होती. तुलनेसाठी तेही ऐका, पण सुरुवात स्टुडिओतल्या आवृत्तीपासूनच करा, आणि बेस नीट ऐकू येईल अशा कशावर तरी.