‘रिहॅब स्पेशालिस्ट’च्या पाटीमागे डॉक्टर आहे का, ते आधी बघा

ताईला पक्षाघात झाला. हॉस्पिटलमधून सोडताना कागदावर शेवटची ओळ होती, ‘पीएमआर तज्ज्ञांना दाखवा’. पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, आजारानंतर हालचाल आणि रोजची कामं परत जमावीत म्हणून उपचार करणारी डॉक्टरी शाखा, हे आम्हाला मोबाइलवर शोधल्यावर कळलं. शोधात जे सेंटर सगळ्यात वर आलं, तिथेच आम्हाला गंडवलं गेलं.

पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे अक्षरांची भलीमोठी शेपटी. गळ्यात स्टेथोस्कोप. त्या गृहस्थांनी ताईचा एमआरआय उजेडाकडे धरला, तिच्या हातापायाला बोटसुद्धा लावलं नाही आणि सरळ पॅकेजवर आले. पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. भाऊजी घुटमळले तसं ऐकवलं, “पहिले तीन महिने गेले की संपलं, मग काही होत नाही.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस घाबरून सही करतो. पक्षाघातानंतर हातापायाची सुधारणा पहिल्या ३ महिन्यांत सगळ्यात वेगाने होते. पण पुढे काहीच होत नाही, हे साफ खोटं.

पॅकेजमध्ये होतं काय, तर रोज विजेचे झटके देणारं मशीन, अधूनमधून ‘नसा जागवणारं’ एक इंजेक्शन (बाटलीवरचं लेबल खरवडलेलं, विचारलं तर ‘आमचा फॉर्म्युला’) आणि डोक्यावरची कप्पी. चांगल्या हाताने दोरी ओढायची, की लुळा हात वर जातो. बघायला छान वाटतं, नातेवाईक खूश होतात. पण पक्षाघातात बऱ्याचदा खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली उतरलेला असतो. अशा खांद्याला कप्पीने ओढलं की दुखणं वाढतं. ताई रात्री कण्हायला लागली, तर उत्तर मिळालं, “दुखतंय म्हणजे जीव येतोय.”

भाचीने शेवटी रजिस्ट्रेशन नंबर मागितला. ‘आमचं इंटरनॅशनल सर्टिफिकेशन आहे’ म्हणाले. वैद्यकीय परिषदेच्या यादीत नावच नव्हतं. पदवी फिजिओथेरपीची, बाकीची शेपटी छोट्या छोट्या कोर्सेसची. फिजिओथेरपिस्टबद्दल माझ्या मनात किंतु नाही. आज ताईला चालवतेय ती एक फिजिओथेरपिस्टच. चीड आहे ती डॉक्टर असल्याचं सोंग आणून इंजेक्शनं टोचण्याची. ही शाखा लोकांना ठाऊक नाही, त्यावरच यांचं दुकान चालतं. खरं तर ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे ती वाढली आणि अमेरिकेत १९४७ मध्ये तिचं स्वतंत्र मंडळही स्थापन झालं.

नंतर ज्या खऱ्या पीएमआर डॉक्टर सापडल्या, त्यांनी आधी ताईचे मोजे काढायला लावले. टाच, घोटा, माकडहाड दाबून पाहिलं, कुठे लाली आहे का, म्हणजे पडून राहिल्याने जखम होतेय का. कोपर एकदा हळू आणि एकदा झटकन सरळ केलं. झटकन केल्यावर अडकलं, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा. हळू करूनही हलत नसतं, तर सांधाच आखडला असता आणि मग बोटॉक्सचा उपयोग झाला नसता. हे इंजेक्शन ताठर स्नायू सैल करतं, परिणाम साधारण ३ महिने टिकतो, गेलेली ताकद आणत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मग पाणी पिताना ठसका लागतो का, लघवी कळते का, घरात संडासाला पायरी आहे का, हे प्रश्न. मशीन बंद, कप्पी बंद, खांद्याला आधार, पाऊल लोंबू नये म्हणून पायाला स्प्लिंट. उद्दिष्ट एकच लिहिलं, ‘पलंगावरून खुर्चीत स्वतः बसणं’.

कुणाकडेही जा, पैसे देण्याआधी रजिस्ट्रेशन नंबर घ्या आणि परिषदेच्या यादीत स्वतः पडताळा. पदव्युत्तर पदवी नेमकी कोणत्या विषयातली, तेही विचारा. पेशंटला हात न लावता पॅकेज सांगितलं, तर उठून या. ‘पूर्ण बरं करू’ अशी हमी मिळाली, तर त्याहून लवकर उठा. मेंदूची नेमकी कुठली आणि किती जागा गेली यावर बरंच अवलंबून असतं; अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. स्टेम सेलचं (वेगवेगळ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशींच्या उपचाराचं) नाव काढलं, तर लक्षात ठेवा, पक्षाघातावर तो अजून सिद्ध झालेला उपचार नाही.

पावतीवर डॉक्टरचं नाव नव्हतं, नुसतं सेंटरचं होतं. तक्रार करताना तिथेच घोडं अडलं. पॅकेजच्या कागदावर मात्र त्यांनी ‘डॉ.’ लावून सही केली होती. तो कागद, इंजेक्शनांच्या नोंदी आणि मोबाइलवरचे मेसेज जोडून परिषदेकडे अर्ज दिला आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत.