ॲशचं टेबल, आठ महिन्यांनी: भेग परवडली, पण खाचा नकोत

टेबल तडकलं त्याच रात्री हे लिहायला बसलो असतो, तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. म्हणून थांबलो. आता राग निवळलाय, पूर्ण नाही.

व्हाइट ॲश या झाडाच्या फिकट लाकडाच्या चार फळ्या जोडून केलेला 60 सेंटीमीटर रुंदीचा माथा, खाली लोखंडी चौकट. पाचव्या महिन्यात हवा एकदम कोरडी झाली आणि एका रात्री खाडकन आवाज. सकाळी पाहतो तर कडेपासून वीतभर भेग. सुतार म्हणाला, लाकूडच कच्चं. लाकूड विकणारा म्हणाला, सुताराने घाण केली. तीन आठवडे दोघांनी मला टोलवलं, हातात काही पडलं नाही.

शेवटी टेबल उलटं केलं. आठ स्क्रू, आठही गच्च आवळलेले. ओल्या ॲशला पूर्ण सुकवलं तर ते खोडातल्या वाढीच्या वलयांच्या कडेने सुमारे 7.8 टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे 4.9 टक्के. भट्टीत सुकवलेली फळीसुद्धा हवेतली ओल घेत-सोडत राहते. लाकडातली ओल चार टक्क्यांनी कमी झाली तर एवढ्या रुंदीला पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज पडतो. लोखंड काही हलत नाही, मग लाकूडच फाटणार. चौकटीची भोकं मीच लांबट करून घेतली, स्क्रू जरा सैल ठेवले, भेगेत सरस भरून शिकंजा लावला. त्यानंतर तीन महिने झाले, चिडीचूप. म्हणजे विकणाऱ्याचं म्हणणं खरं होतं, आणि हे मान्य करायला मला फार जड जातंय.

आता खरी तक्रार. लिहिताना पेन अडखळतं.

हसू नका. ॲशमध्ये प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते. फळी कापली की तीच छिद्रं लांबट बारीक खाचा होऊन वर येतात. फोटोत त्या रेघा फार देखण्या दिसतात. त्यावर एकच कागद ठेवून बॉलपेनने सही करून बघा. ‘र’ची शेपटी खाचेत जाते, वेलांटी मध्येच तुटते. बँकेच्या फॉर्मवरची माझी सही दोनदा परत आली. वर खोडरबराचा चुरा त्या खाचांत जाऊन बसतो, फडक्याने निघत नाही, दात घासायचा ब्रश लागतो. सुताराने पॉलिशचे तीन हात दिले होते, खाचा तशाच राहिल्या. पॉलिशआधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायला हवं होतं. हे कुणी आधी का सांगत नाही? शिवाय त्याने तेलाचं पॉलिश मारलं, त्यामुळे गोरं लाकूड आता पिवळट दिसतंय. पाण्यावर चालणारं पॉलिश घ्या, रंग बराच टिकतो.

इथपर्यंत मी पाचपैकी दोन तारे देणार होतो.

पण फळीचा एक तुकडा उरला होता. टाकून द्यायचा माझा स्वभाव नाही. हातोड्याचा जुना दांडा मोडला होता, म्हणून त्या तुकड्याचा दांडा तासला. तुकडा निवडताना विकणाऱ्याचं वाक्य आठवलं, ‘वलयं जितकी दाट, तितकं लाकूड भक्कम.’ इथे मात्र तो चुकला. ॲश भराभर वाढलं की वलयं रुंद होतात, आणि त्या वाढीव रुंदीत भरीव भागच जास्त असतो. वलयं फार दाट झाली की छिद्रांच्या रांगाच जवळजवळ येतात आणि लाकूड हलकं, ठिसूळ होतं. म्हणून रुंद वलयांची बाजू घेतली. टोकाकडून पाहिल्यावर वलयांच्या रेषा घावाच्या दिशेत येतील असा दांडा धरला आणि डोक्यात पाचर ठोकली.

पहिला खिळा ठोकला आणि थांबून हाताकडे पाहिलं. झिणझिण्याच नाहीत. धक्का दांड्यातच कुठेतरी जिरतो. कुऱ्हाडीचे दांडे, वल्ही, बेसबॉलच्या बॅटी यांना हे लाकूड का वापरत आले ते वाचून कळलं नव्हतं, मनगटाला कळलं. तीन महिन्यांत दांडा जरासुद्धा ढिला झालेला नाही.

एक उरलेली पट्टी बाहेर कुंड्यांखाली ठेवली होती, ती मात्र काळी पडून बुरशीने खाल्ली. सागासारखं तेल याच्या अंगात नाही, उघड्यावर वापरायचं नाव काढू नका. आणि कुणी ‘ॲशला कीड लागलीय’ म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. 2002 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये सापडलेला तो हिरवा भुंगेरा उभ्या झाडाच्या सालीखाली पोखरतो, कोरड्या टेबलाला तोंड लावत नाही. बारीक भोकांतून पिठासारखी पूड पडली तर मात्र दुसरा किडा समजा आणि लगेच उपाय करा.

टेबलाला अडीच, दांड्याला पाच. सही करायची असली की कागदाखाली जुन्या कॅलेंडरचं पान घेतो, त्याला वेगळा खर्च नाही. दीड फुटाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. शेजाऱ्यांनी दोनदा मागितला, देणार नाही.