होंडा ओडिसीचे ॲक्टिव्ह माऊंट: वर्षभराच्या वापरानंतर

वापरलेली २०१४ची ओडिसी घेऊन वर्ष होत आलं. इथे न्यू जर्सीत मिनीव्हॅनबद्दल बोलणं निघालं की माणसं किती बसतात, बॅगा किती मावतात, एवढंच विचारतात. मला मात्र तिच्या इंजिन माऊंटबद्दल, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून धक्के शोषणाऱ्या आधारांबद्दल लिहायचंय, कारण या गाडीतली सगळ्यात हुशार गोष्ट तिथे आहे.

इंजिन ३.५ लिटरचं, सहा सिलिंडरचं. हायवेवर वेग स्थिरावला की पेट्रोल वाचवायला ते तीन सिलिंडर बंद करतं आणि समोर हिरवा ‘इको’ दिवा लागतो. १,८०० आरपीएमला सहाही सिलिंडर चालू असताना सेकंदाला ९० स्फोट होतात, तिनावर आल्यावर ४५. म्हणजे धक्के निम्मे, पण एकेक धक्का जड. ही जाडसर थरथर नुसत्या रबराला आवरत नाही, ती सीटपर्यंत येते. म्हणून पुढच्या-मागच्या माऊंटमध्ये तेलासोबत विजेवर हलणारा ॲक्च्युएटर असतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या सेन्सरवरून कॉम्प्युटरला पुढचा धक्का कधी येणार हे कळतं आणि ॲक्च्युएटर त्याच तालात हलून तो जागीच जिरवतो. उरलेली घुमघुम केबिनमधले माइक टिपतात आणि स्पीकर उलट लहरी सोडून ती दाबतात, गाणी बंद असली तरी!

टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोल हायवेवर, ६५ मैलांनी जाताना मी मुद्दाम लक्ष ठेवते. दिवा लागतो, विझतो, पण तळव्याला फरक जाणवत नाही. हलक्या चढावर क्वचित एक बारीक गुणगुण येते, तेवढीच.

पण याच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. खड्डे तसेच लागतात. चाकांचं बॅलन्सिंग बिघडलं तर स्टिअरिंग थरथरणारच. सासूबाईंना गाडी लागते, तीही थांबली नाही. मळमळ आणणारे हेलकावे फार संथ असतात, त्यांचा इंजिनाशी संबंध नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक नक्की विचारावं: माऊंट बदललेत का, आणि कोणते बसवलेत? बाजारात ॲक्च्युएटर नसलेले स्वस्त माऊंट मिळतात. ते बसतात नीट, पण तीन सिलिंडरवर गाडी थरथरते. ॲक्च्युएटरवालं मूळ माऊंट बरंच महाग पडतं, तरी मी तेच घेईन. चालवून बघताना इंजिन पुरतं तापू द्या, हायवेवर न्या आणि इको दिवा लागल्यावर मधल्या रांगेत कुणाला तरी बसवून विचारा.